ढाक्याचे शुल्क, दिल्लीची बंदी आणि वऱ्हाडचा शेतमाल

कोणतेही सरकार आयात-निर्यातीविषयी निर्णय घेते, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची तिजोरी, स्वतःचा ग्राहक आणि स्वतःचा मतदार असतो. त्या निर्णयाचे परिणाम मात्र सीमेवर थांबत नाहीत. देशाच्या कोणत्याही सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडने हा अनुभव गेल्या दीड दशकात वारंवार घेतला आहे. ढाक्यातून आयात शुल्कवाढीचा आदेश निघाला की वरूड-मोर्शीकडील संत्रा बागांचे सौदे अडतात. दिल्लीने कापसाची निर्यात रोखली की बांगलादेशातील सूतगिरण्यांची धावपळ होते. दिल्लीनेच तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली की म्यानमारमधील शेतकरी अडचणीत येतो आणि आयात खुली केली की अकोल्याच्या बाजारात तुरीचा भाव दबतो.

संत्रा, कापूस आणि तूर ही अमरावती व अकोला जिल्ह्यांतील तीन प्रमुख नगदी पिके. शेजारी देशांची धोरणे आणि त्यांच्या अंतर्गत अडचणी एकमेकांत कशा गुंतलेल्या आहेत, हे या तीन पिकांच्या निमित्ताने स्पष्टपणे पाहता येते. या व्यवहारात वऱ्हाड नेहमीच सोसणाऱ्याच्या बाजूला असते असेही नाही. इकडच्या शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत शेजारच्या देशातील तशाच कोरडवाहू शेतकऱ्याने मोजल्याचे उदाहरणही याच काळातले आहे.

वरूडची बाग, ढाक्याचा ग्राहक

नागपुरी संत्रा या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या फळाचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात अमरावती जिल्ह्यात पिकतो. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी या तालुक्यांमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी बागांचा सलग पट्टा आहे. वरूड-मोर्शी परिसराला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हटले जाते आणि नरखेड-अमरावती लोहमार्गावरील वरूडच्या स्थानकाचे नावही ‘वरूड ऑरेंज सिटी’ असे आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

हा संत्रा सालीला सैल, रसाळ आणि नाजूक आहे. लांबच्या सागरी प्रवासात त्याचा टिकाव लागणे कठीण असते. त्यामुळे युरोप वा आखाती देशांपेक्षा ट्रकने काही दिवसांत गाठता येणारा बांगलादेश हाच त्याचा सर्वात मोठा परदेशी ग्राहक ठरला. आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतात. या काळात मालाचे ट्रक पश्चिम बंगालमधील पेट्रापोल येथील सीमानाक्याकडे रवाना होतात. पलीकडे बेनापोल हे बांगलादेशचे सर्वात मोठे भू-बंदर आहे.

या व्यवहाराला २०१९ पासून ओहोटी लागली. त्या वर्षी किलोमागे सुमारे २० टका असलेले बांगलादेशचे आयात शुल्क दरवर्षी वाढत गेले आणि २०२३ मध्ये ते ८८ टक्यांपर्यंत पोहोचले. बागेत शेतकऱ्याला किलोमागे जो दर मिळतो, त्यापेक्षा सीमेवरचे शुल्कच अधिक, अशी अवस्था झाली. कागदोपत्री हे शुल्क बांगलादेशातील आयातदार भरतो. प्रत्यक्षात त्याचा एक भाग तेथील ग्राहकावर पडतो आणि उरलेला भाग खरेदीचा दर पाडून वरूडच्या बागेतून वसूल होतो.

याचा परिणाम केवळ निर्यातक्षम फळांपुरता राहत नाही. सीमेपलीकडे न गेलेला माल देशातील मोठ्या बाजारपेठांकडे वळतो. तेथे आवक वाढते, भाव उतरतात आणि ज्या शेतकऱ्याचे एकही फळ कधी बांगलादेशात गेले नाही, त्याच्या बागेचा सौदाही कमी रकमेत होतो. काही वेळा व्यापारी आधी ठरलेला सौदा मोडतात किंवा तोड लांबवतात. झाडावर जास्त काळ राहिलेले फळ गळते आणि पुढच्या बहाराचे गणितही बिघडते.

राज्य सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथील हिवाळी अधिवेशनाच्या काळात बांगलादेशच्या आयात शुल्काच्या निम्म्या रकमेइतके अनुदान संत्रा निर्यातीसाठी देण्याचे जाहीर केले. एका देशाच्या शुल्काची भरपाई दुसऱ्या देशातील एका राज्याच्या तिजोरीतून करण्याचा हा प्रकार होता. अशा अनुदानातील मूळ अडचण अशी, की ते निर्यातदाराच्या हाती पडते. ते बागेतील दरात उतरेलच, अशी हमी बाजारात नसते.

ढाक्याची अडचण

वऱ्हाडात या शुल्कवाढीकडे अनेकदा भारताच्या कांदा धोरणाला दिलेले प्रत्युत्तर म्हणून पाहिले गेले. त्या समजुतीला आधार नाही असे म्हणता येणार नाही. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली, तेव्हा बांगलादेशात कांद्याचे भाव भडकले. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरण्यास सांगितले असल्याचे जाहीर कार्यक्रमात नमूद करून, पूर्वसूचना मिळायला हवी होती असे सुचविले होते. त्यानंतर सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्येही कांद्याची निर्यात पुन्हा थांबविण्यात आली.

तथापि, शुल्कवाढीचे मुख्य कारण बांगलादेशच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या देशाची परकीय चलनाची गंगाजळी सुमारे ४८ अब्ज डॉलरवर होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले. इंधन, गहू, खाद्यतेल आणि खते महागली. हे सारे मोठ्या प्रमाणावर आयात करणाऱ्या बांगलादेशची गंगाजळी वेगाने घटू लागली व टक्याचे मूल्य घसरले. मे २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय महसूल मंडळाने फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने अशा सव्वाशेहून अधिक वस्तूंवरील नियामक शुल्क वाढविले. या वस्तू अत्यावश्यक नाहीत, म्हणून त्यांवर खर्च होणारे डॉलर वाचवावेत, असा त्यामागील विचार होता. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने बांगलादेशसाठी ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले.

म्हणजेच वरूडच्या संत्र्याला लक्ष्य करून हा निर्णय झालेला नव्हता. सफरचंद, माल्टा, द्राक्षे अशा परदेशी फळांनाही तो लागू होता. ढाक्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाला फळ परवडेनासे झाले आणि अमरावती जिल्ह्यातील बागायतदाराला दर मिळेनासा झाला. दोघांचाही युक्रेनच्या युद्धाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, २००६ पासून अमलात आहे. भारताने २०११ मध्ये या कराराखाली बांगलादेशसह अल्पविकसित सदस्य देशांसाठी दारू व तंबाखूसारख्या २५ वस्तू वगळता जवळपास सर्व मालाची आयात शुल्कमुक्त केली. परंतु प्रत्येक सदस्याला ‘संवेदनशील’ वस्तूंची स्वतंत्र यादी ठेवण्याची मुभा करारातच आहे. नियामक व पूरक शुल्कांसारखी साधनेही सरकारांच्या हाती असतात. त्यामुळे करार अस्तित्वात असूनही संत्र्याला त्याचे छत्र लाभले नाही.

कापसाची उलटी बाजू

परदेशातील घडामोडींनी वऱ्हाडच्या शेतीचे भवितव्य ठरविण्याचा इतिहास जुना आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळला. मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यामार्गे नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यानंतर.

आजच्या काळात लँकेशायरची जागा आशियातील देशांनी घेतली आहे. बांगलादेश तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. त्याच्या निर्यात उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच उद्योगातून येतो आणि सुमारे ४० लाख कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्यावर अवलंबून आहेत. मात्र त्या देशात कापूस जवळपास पिकतच नाही. रुईच्या गाठी आणि सूत या दोन्हींसाठी त्याला भारतासह इतर देशांकडे पाहावे लागते.

एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने देशातील वस्त्रोद्योगाला स्वस्त कापूस मिळावा म्हणून प्रथम कच्च्या कापसावर टनामागे २,५०० रुपये निर्यात शुल्क लावले आणि लगोलग नव्या निर्यात करारांची नोंदणीच थांबविली. पुढील हंगामासाठी निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घालण्यात आली. त्याच काळात जगात कापसाची टंचाई होती. मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. वऱ्हाडातही कापसाला क्विंटलमागे सात हजार रुपयांपर्यंत भाव मिळाल्याच्या आठवणी त्याच हंगामातील आहेत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा ३,००० रुपये होता. निर्यात खुली असती तर हा भाव आणखी किती वाढला असता, हा प्रश्न शेतकरी नेते तेव्हापासून विचारत आले आहेत.

५ मार्च २०१२ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने कापसाची निर्यात पुन्हा बंद केली. अपेक्षेपेक्षा अधिक कापूस, विशेषतः चीनकडे, रवाना झाल्याचे कारण देण्यात आले. या वेळी विरोध सरकारच्या आतूनच झाला. तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी निर्णयाला हरकत घेतली आणि आठवडाभरातच आधी नोंदणी झालेल्या करारांपुरती बंदी शिथिल करण्यात आली. बांगलादेशातील सूतगिरणी मालकांच्या दृष्टीने मात्र धडा मिळून गेला होता. एकाच शेजाऱ्यावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे, हे ध्यानात घेऊन त्यांनी आफ्रिका, मध्य आशिया आणि अमेरिकेतील कापसाकडे अधिक लक्ष वळविले. बंदी काही दिवसांची असली, तरी तुटलेला ग्राहक पूर्वीइतका निर्धास्त होऊन परत येत नाही.

चीनच्या धोरणाचाही फटका वऱ्हाडला बसला. २०११ पासून चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांसाठी चढ्या दराने कापूस खरेदी करून प्रचंड साठा केला. त्या काळात चिनी गिरण्या बाहेरून कापूस घेत राहिल्या आणि भारतीय गाठींना मागणी राहिली. २०१४ मध्ये चीनने ते धोरण बदलले, आयात घटली आणि त्या हंगामात भाव हमीभावाच्या पातळीकडे उतरले. पाकिस्तानची बाजारपेठ तर राजकारणातच अडकली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या देशाने भारताशी व्यापार थांबविला. ३१ मार्च २०२१ रोजी तेथील आर्थिक समन्वय समितीने भारतीय कापूस आणि साखरेच्या आयातीस मान्यता दिली व दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ती फिरविली.

या चढउतारांचा भार कोणावर पडतो, हे २००६ मध्ये देशासमोर आले होते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती व अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू कापूस उत्पादकाजवळ माल साठवून भाव वाढण्याची वाट पाहण्याइतकी ताकद नसते. उसनवारी फेडण्यासाठी दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान तो बहुतेक कापूस विकून मोकळा होतो. उशिरा उठलेली बंदी त्याच्या उपयोगाची नसते आणि हंगामात आलेली बंदी त्याला टाळता येत नाही.

अकोल्याची तूर, म्यानमारची तूर

तुरीच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अकोला ही तुरीची मोठी बाजारपेठ असून शहराच्या औद्योगिक वसाहतीत डाळ गिरण्यांची मोठी संख्या आहे. शेतकऱ्याला तुरीचा चढा भाव हवा असतो, गिरणीला वर्षभर कच्चा माल हवा असतो आणि शहरी ग्राहकाला स्वस्त डाळ हवी असते. दिल्लीचे धोरण या तिघांच्या दरम्यान हेलकावे खात आले आहे.

२०१५ च्या अखेरीस तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळी आयातीचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्याच खरिपात चांगला पाऊस आणि वाढीव पेरा यांमुळे देशात तुरीचे विक्रमी पीक आले. २०१५-१६ मधील सुमारे २५ लाख टनांवरून उत्पादन पुढील वर्षी ४८ लाख टनांच्या आसपास गेले आणि शिवाय सर्व डाळींची मिळून सुमारे ६६ लाख टन आयात झाली. बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारात त्याहून बराच कमी दर मिळू लागला. २०१७ च्या उन्हाळ्यात अकोला, अमरावतीसह वऱ्हाडातील सरकारी खरेदी केंद्रांवर तुरीच्या गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. बारदाना संपल्याने अनेक केंद्रांवर मोजमाप बंद पडले.

या असंतोषानंतर केंद्राने मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के आयात शुल्क लावले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये वर्षाला दोन लाख टनांची आयात मर्यादा ठरविली. वऱ्हाडात या निर्णयाचे स्वागत झाले. म्यानमारमध्ये मात्र त्याने हाहाकार उडाला. मध्य म्यानमारच्या मंडाले, मॅग्वे आणि सगाइंग या कमी पावसाच्या भागात तूर पिकते. तेथील लोकांच्या आहारात तुरीला फारसे स्थान नाही. ती पिकविली जाते ती मुख्यत्वे भारतासाठी. एकमेव मोठ्या ग्राहकाने दार ओढून घेताच तेथील भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा कमी केला.

काही वर्षांतच भारताला त्याच तुरीची गरज भासली. देशातील उत्पादन घटल्याने मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि जून २०२१ मध्ये म्यानमारशी पाच वर्षांसाठी दरवर्षी एक लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद, तर मलावीशी ५० हजार टन तूर घेण्याचे सामंजस्य करार झाले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली होती. एप्रिल २०२२ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने निर्यातदारांना मिळालेले परकीय चलन ठरावीक दराने स्थानिक चलनात बदलण्याची सक्ती केली. २०१७ मध्ये घटलेला पेरा आणि नंतरचे राजकीय अस्थैर्य यांचा परिणाम भारतीय ग्राहकालाही भोगावा लागला. २०२३ मध्ये अकोल्याच्या बाजारात तूर क्विंटलला दहा हजार रुपयांच्या पुढे गेली.

तेव्हापासून शुल्कमुक्त आयातीची मुदत वारंवार वाढविण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये, वऱ्हाडातील नवी तूर बाजारात येत असतानाच, ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविली गेली आणि ७,५५० रुपये हमीभाव असलेल्या तुरीचे दर त्याखाली घसरले. आठ वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न त्याच बाजारात पुन्हा उभा राहिला.

२०२५ ची साखळी

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचे सरकार कोसळल्यानंतर भारत-बांगलादेश संबंधांत ताण आला. त्या दिवसांत सीमेवरील व्यापार काही काळ ठप्प होता. जानेवारी २०२५ मध्ये बांगलादेशने फळांवरील पूरक शुल्क पुन्हा वाढविले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला दिलेली भारतीय बंदरांमार्गे तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशने भू-बंदरांतून भारतीय सुताची आयात थांबविली आणि मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना न्हावा-शेवा व कोलकाता या सागरी बंदरांपुरते मर्यादित केले.

ही सारी पावले दोन राजधान्यांमधील आहेत. परंतु सूत अडले की सूतगिरणीची रुईची मागणी घटते आणि रुईची मागणी घटली की जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात कापसाची खरेदी मंदावते. त्यातच अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले. वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित करून ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. नव्या कापसाची वेचणी आणि विक्री होते ती नेमकी याच महिन्यांत.

दिशेपेक्षा घाई घातक

या तिन्ही पिकांच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. बाजार खुला असावा की बंद, याविषयी मतभेद राहतील. परंतु दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान झाले ते निर्णय एकाएकी आणि हंगामाच्या मध्यावर आल्यामुळे. संत्र्याचे झाड लागवडीनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी उत्पन्न देऊ लागते. तूर सहा-सात महिने शेतात उभी असते. सरकारी अधिसूचना मात्र निघाल्या दिवसापासून लागू होऊ शकते. बाग लावताना किंवा पेरणी करताना जे धोरण असते, ते तोडणीच्या वेळी राहील याचा भरवसा नसतो.

यावर काही मार्ग उपलब्ध आहेत. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराच्या बाराव्या कलमात, अन्नपदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध घालणाऱ्या देशाने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी, असे म्हटले आहे. विकसनशील देशांपैकी त्या पदार्थाचे निव्वळ निर्यातदार असलेल्यांनाच ते बंधनकारक असल्याने त्याची व्याप्ती मर्यादित आहे, पण तत्त्व शेजारी देशांना आपसांत स्वीकारता येण्याजोगे आहे. म्यानमार व मलावीशी झालेल्या करारांप्रमाणे किती माल घेणार हे काही वर्षांसाठी आधीच ठरवून दिल्यास तेथील शेतकरी पेरणीचा अंदाज बांधू शकतो. तोच न्याय अकोल्याच्या शेतकऱ्यालाही लागू व्हावा. आयातीविषयीचा निर्णय जून महिन्यात, पेरणीपूर्वी जाहीर झाला, तर तूर पेरावी की सोयाबीन, हे त्याला ठरविता येईल.

संत्र्यासाठी बांगलादेशशी हंगामापुरत्या शुल्क सवलतीची बोलणी करणे आणि लहान आकाराच्या फळांवर जिल्ह्यातच प्रक्रिया होईल अशी व्यवस्था उभी करणे, ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत. एका ग्राहकावर आणि एकाच स्वरूपातील मालावर विसंबून राहण्याचा धोका बांगलादेशच्या गिरण्यांनी २०१२ मध्ये ओळखला. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यासमोर तोच प्रश्न आहे.

मॅग्वेचा तूर उत्पादक आणि अकोटचा तूर उत्पादक एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांच्याही शेतात पाणी कमी आहे, दोघेही काढणीनंतर लगेच माल विकतात आणि दोघांच्याही भावाचा निर्णय त्यांना न विचारता होतो. एकाला दिलेला दिलासा म्हणजे दुसऱ्याचे नुकसान, हे समीकरण अटळ नाही. पेरणीपूर्वीची सूचना दोघांनाही मिळू शकते.